सरावाचं गाव

सरावासाठी उभारलेल्या खोट्या गावात शेवटची तालीम चालू होती. परवा ही तुकडी, आधीच्या तुकडीच्या जागी, शांतिसेना म्हणून शेजारच्या देशात जाणार होती. ब्रिगेडियर गच्चीवरून पाहत होते. शांतिसेनेनं कसं वागावं याचं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि गुरुजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शांतिसैनिकानं कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःवर गोळी आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. तो तिथं उभा आहे, हेच गावकऱ्यांचं संरक्षण.

गावकरी म्हणून या वेळी त्याच देशातून पळून आलेली माणसं रोजावर आणली होती. बंडखोर घुसले की किंचाळत पळायचं, असं त्यांना दोनदा समजावून झालं होतं.

बंडखोरांच्या वेशातले जवान घुसले. कुणी किंचाळलं नाही. माणसं मुकाट्यानं घरांतून बाहेर आली, पायातलं काढून बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून ओळीनं बसली. बायांनी मुलांचे डोळे हातानं झाकले. बंडखोरांचा म्होरक्या झालेला हवालदार गोंधळून मधेच थबकला. शांतिसैनिक पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आपापल्या जागी उभे होते.

तालीम संपल्याची शिट्टी वाजली. ओळीतलं कुणीही हललं नाही.

गुरुजी खाली उतरले. निर्वासितांच्या छावणीत राहून इथली भाषा शिकलेली एक म्हातारी टोकाला बसली होती. तिच्यापाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "आजी, ओरडायचं ठरलं होतं ना?"

"आमच्या गावात ते घुसले, त्या दिवशीही कुणी ओरडलं नव्हतं, साहेब." तिनं मान वळवली नाही.

"का?"

"तुमची माणसं समोर उभी होती. आम्हाला वाटलं, आता कशाला ओरडायचं."

गुरुजींनी सगळ्यांना उठायला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. एका मुलानं आईचा हात डोळ्यांवरून काढायचा प्रयत्न केला. तिनं तो आणखी घट्ट दाबला.

मागं उभ्या असलेल्या शांतिसैनिकांपैकी एकानं, नजर समोर ठेवूनच, विचारलं, "सर, परवा तिथं आम्ही नेमकं कुठं उभं राहायचं?"

गुरुजी त्याच्याकडे वळले नाहीत. तेही भिंतीकडेच पाहत होते.