कामगंधाच्या दोऱ्या

"तुमच्या हातात दोऱ्या होत्या, भाऊजी. मी स्वतः पाहिल्या," थोरली म्हणाली.

बागायतदार संघाच्या खोलीत सगळ्यांच्या माना धाकट्या दिराकडे वळल्या. त्याने टेबलावरची नजर काही उचलली नाही.

"होत्या," तो म्हणाला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेल्यावर सफरचंदांची बाग तिने एकटीने सांभाळली होती. यंदा औषधफवारणी सोडून तिने झाडाझाडाला कामगंधाच्या दोऱ्या बांधल्या. त्यांतून मादी पतंगाचा वास सुटतो. बागभर तोच वास भरला की नर चक्रावतात, माद्या सापडत नाहीत आणि फळात अळी पडत नाही. पण झाडांखाली सुटलेल्या दोऱ्या दिसू लागल्या. गाठी कुणीतरी हाताने सोडलेल्या होत्या. आणि गावभर भाड्याने जाणारं फवारणीचं यंत्र दिराचं. गावात दोऱ्या आल्यापासून ते दारात गंजत पडलं होतं.

"मामंजी विसराळू झालेत, त्यांना फिरवून आणतो, असं सांगून रोज दुपारी यायचे," ती सगळ्यांना म्हणाली. "मी वेडी, चहा करून द्यायची. घरच्याच माणसाने असा केसाने गळा कापावा?"

"तुमचं म्हणणं काय आहे?" संघाच्या अध्यक्षांनी तिला विचारलं.

"एकच. ज्याने हे केलं, त्याचा माझ्या बागेत पुन्हा पाय पडता कामा नये."

दिराने पहिल्यांदा मान वर केली. काही बोलायला गेला आणि थांबला.

"चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. "मी येणार नाही."

दाराशी पोचल्यावर तो वळला. "बाबांना दुपारी घरात बसवून ठेवू नका तेवढं. झाडांत त्यांना बरं वाटतं."

"ते मला शिकवू नका," थोरली म्हणाली. चोर तो चोर, वर शहाणपणा सांगतोय.

आठवडाभरात बागेच्या अर्ध्या दोऱ्या जमिनीवर आल्या. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर सभेत माफी मागायची आणि पाठ फिरली की पुन्हा तेच. या खेपेला त्याला रंगेहाथ धरून, फोटो काढून, सगळ्यांसमोर उभं करायचं तिने ठरवलं. दुपारी मोबाईल हातात घेऊन ती खोक्यांच्या थप्पीमागे बसून राहिली.

पानं चुरचुरली. ती ताडकन उठून बाहेर आली.

समोर सासरे होते. टाचा उंचावून फांदीची गाठ सोडत होते.

"मामंजी, हे काय करताय?"

"दोरी राहिली की फांदीला काचते. आतून साल कापली जाते," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. गाठ सुटली तशी त्यांनी दोरी खाली टाकली आणि मागच्या झाडांकडे पाहिलं. "धाकट्याला किती सांगू? मी सोडत पुढे जातो, आणि तो रोज मागून पुन्हा बांधत येतो. हल्ली कुठे असतो गं तो?"