पोपटाची मान

वसंत सरांनी पिशवीतून हिरवा पोपट काढला आणि सरळ नम्रतापुढे ठेवला.

"मान हलत नाही याची. बघ."

काळाचौकीतल्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी हा वर्ग भरायचा. मुलं घरातली बिघडलेली खेळणी, रेडिओ, घड्याळं आणायची आणि ती उघडून शिकायची. सरांचा नियम एकच होता. स्क्रूला हात लावायच्या आधी सेल काढायचे. मनवा तो हमखास विसरायची. तुझ्या लग्नात आहेर म्हणून सेलच देणार, असं बाकीचे तिला चिडवायचे.

नम्रतानं पोपट उलटा केला. सर दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिनं सेल काढले, पोट उघडलं. मानेचं दातेरी चाक सटकलं होतं. ते बसवून तिनं सेल परत घातले, शेपटी दाबली. पोपटानं मान डोलावली. बोलला मात्र नाही.

"सर, हलतेय मान."

"छान," सर म्हणाले. वळले नाहीत.

तेवढ्यात त्यांची मुलगी दर्शना आली. रविवारी ती त्यांना करी रोडला आपल्या घरी जेवायला न्यायची. टेबलावरचा पोपट पाहून ती थबकली. कुणी उघडला, म्हणून तिनं विचारलं. नम्रतानं हात वर केला.

"सेल काढलेस?"

"हो ताई. आधी तेच."

दर्शना बाकावर बसली. आवाज न चढवता सांगत गेली. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचायची नाही. म्हणून बाबांनी हा पोपट आणला. लाल बटण दाबून आई जे पुटपुटायची, ते तो मोठ्यानं बोलायचा. आई गेली आणि तिची शेवटची हाक त्यात राहिली. 'अहो, येताय ना?' करंट तुटला की ती पुसली जाणार. म्हणून बाबा नवे सेल आधी बाहेरून वायरीनं जोडायचे, मगच जुने काढायचे.

"हल्ली विसरतात फार," ती म्हणाली. "नाहीतर हा इथे आणलाच नसता."

नम्रता उठली. ती सरांपाशी गेली.

"सर, मला माहीत नव्हतं."

"नियमाप्रमाणेच केलंस तू."

त्यांनी शेपटी दाबली. मान डोलली, बाकी काही नाही. पोपट पिशवीत घालून ते दर्शनाबरोबर निघून गेले.

नम्रता रडतही नव्हती. नुसती बसून होती. मनवा शेजारी स्क्रू डबीत भरत होती.

"गेल्या रविवारी तू नव्हतीस ना, तेव्हा हा मलाच दिलेला सरांनी," मनवा म्हणाली. "मी सेल न काढताच स्क्रू फिरवायला लागले, तर हातातून काढून घेतला. म्हणाले, राहू दे, नम्रताला देऊ. ती सेल विसरत नाही."