चरबट रेघ

"रेघ दिसली की आधी आपले हात बघायचे, मग आकाश. आणि चूक आपली निघाली, तर कुणी विचारायच्या आत सांगायचं. कबूल?"

"कबूल, सर."

सर जाऊन चार वर्षं झाली. तरी त्यांच्याशी झालेलं हे बोलणं मनात म्हटल्याशिवाय ती प्रयोगशाळेत हातमोजे चढवत नसे. नेमच होता तिचा.

आज पडद्यावर रेघ होती. अवकाश दुर्बिणीवर बसायचा अवरक्त वर्णपटमापक निर्वात टाकीत थंड होऊन तयार होता, आणि आलेख जिथे सरळ जायचा, नेमका तिथेच खड्डा. तीच ती रेघ, तेलकट पदार्थाची. आतल्या आरशावर चरबट थर! चाचणीच्या पहिल्या खेपेला झडप गळली होती, दुसऱ्या खेपेला तार तुटली. तिसऱ्या खेपेला हे.

"झालं! आता प्रत्येक ताऱ्यावर तेलाचा डबा लवंडलेला दिसणार," साहेब कडाडले. "बारा दिवस पाण्यात. पुन्हा गरम करा, उघडा, पुसा, थंड करा. यान काय आपल्यासाठी थांबणार आहे?" मग ते साफसफाईच्या मावशींकडे वळले. "खोली कशानं पुसता हो तुम्ही?"

"तुम्ही देता त्याच स्पिरिटनं. अकरा वर्षं झाली, साहेब."

"मग तेल काय वरून पडलं? पास ठेवा इथे. उद्यापासून या खोलीत यायचं नाही."

मावशींनी गळ्यातला पास काढला, सवयीनं बाहीला पुसला आणि टेबलावर ठेवून निघून गेल्या. साहेबही पाय आपटत आपल्या खोलीत गेले.

ती आलेखाशी डोकं लावून बसली. खड्डा एकटा नव्हता. पुढे आणखी एक होता, लहानसा. शेजारच्या खोलीतल्या छोट्या यंत्रावर तिनं मावशींचं फडकं तपासलं. त्यात खड्डा नव्हता, ना मोठा ना लहान.

"मग कोण?" ती चिडून पुटपुटली, आणि तिची नजर हातांवर गेली.

सतत धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगांत काहीतरी चमकत होतं.

"आई, हात दे इकडे. नाही म्हणायचं नाही," लेक रोज सकाळी म्हणायची आणि मलम चोळायची. कामावर आल्यावर ती ते घासून धुवायची. तुटलेली तार जोडायला वर्णपटमापकाची पेटी उघडली त्या दिवशीही धुतलं होतं. त्या दिवशी आरशाजवळ हातमोजा बोटाशी फाटला होता. तिनं लगेच बदलला, आणि विसरून गेली.

लेकीनं पर्समध्ये टाकलेली डबी तिनं काढली. टोकभर मलम यंत्राखाली धरलं.

दोन खड्डे. एक मोठा, एक लहान. जागच्या जागी.

नेम चुकला नव्हता, रोज म्हटलं होतं. हात बघितले मात्र नव्हते. आता साहेब काय म्हणतील? आणि घरी लेकीला काय सांगायचं? डबी पुन्हा पर्समध्ये गेली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता.

तिनं डबी मुठीत घेतली. टेबलावरचा मावशींचा पास उचलला आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागली.

अजून कुणी विचारलं नव्हतं.