मुक्ताबाईंची पट्टी

वानर खाकरलं तसं गाईड शकुन मडावीने ड्रायव्हरला जिप्सी बंद करायला लावली. वानर असं ओरडलं म्हणजे त्याला वाघ दिसला. शकुन तळ्याकाठची झुडपं न्याहाळू लागली. तिथे काहीच नव्हतं. चितळं मात्र शेपट्या उभारून पळाली.

मागच्या सीटवर मुक्ताबाई होत्या. लहानपणीच दृष्टी गेलेल्या बाईंना नुकतेच नवे डोळे बसवले होते, आणि डॉक्टरांनी काळी पट्टी थोडा वेळच काढायला सांगितलं होतं. बाईंनी सोडलेली पट्टी पुन्हा बांधली. वानरं गप्प झाली, चितळंही पाण्यावर परतली.

बाईंनी पट्टी सोडली आणि पुन्हा तोच आरडाओरडा.

शकुन चक्रावली. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा तिने झुडपं सोडून वानरांकडेच पाहिलं. ती सगळी जिप्सीकडे बघत होती. शकुन मागे वळली. दोन पिवळेधमक डोळे तिच्यावर रोखलेले दिसले.

"ताई, हे डोळे कशाचे?"

"प्रयोगशाळेत वाढवलेत, वाघाच्या पेशींपासून. का हो? मला अजून एकही हरीण धड दिसलं नाही."

शकुन म्हणाली, "ती तुम्हालाच भ्यायलीत."

बाईंनी पट्टी बांधून घट्ट गाठ मारली.

"हरणं आली?"

"आली. पाडस पाणी पितंय."

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "माझी आई सांगायची तसं."