मिस्त्रींचा कान

“खोक्यावरचं वाचून दाखवू नका, आमचे काका मशीन कानानं पारखतात,” पुतणीनं दुकानदाराला बजावलं. तिला फर्निचरच्या कामासाठी ड्रिल मशीन घ्यायचं होतं आणि समोरची दोन्ही परदेशी मशीनं अगदी जुळी दिसत होती.

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या भिवामिस्त्रींनी पहिलं कानाशी धरून चालवलं, मग दुसरं. बेअरिंग घासतंय की गिअर खडखडतोय, एरवी त्यांना लगेच कळायचं. आज काहीच उमजेना. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. दोन्ही मेली लोण्यासारखी मऊ चालत होती!

“अगं, हल्लीची मशीनं आवाजच करत नाहीत होय?” बटण दाबून ठेवूनच त्यांनी गोंधळून वर पाहिलं.

पुतणीनं आणि दुकानदारानं कानांत बोटं घातली होती.