दोनशे खेपा

कळसूबाई चढायला जाणाऱ्यांची यादी करताना साक्षीनं वडिलांना वगळलं. रत्नपाल हिंगोलीच्या हळद बाजारात हमाल.

"बाबा, तीन हजार फूट चढण हाय. तुमच्यानं व्हणार न्हाई."

"पाठीवर वजन किती?"

"पाच किलोची बॅग."

रत्नपालनं बोटांवर हिशोब केला. "आमची पोत्यांची थप्पी पंधरा फूट. म्हंजे दोनशे खेपा. पोतं पन्नास किलोचं. पोरी, वीस वर्षं झाली, सीझनात दर दोन दिवसाला तुझी कळसूबाई चढून राहिलो मी!"

साक्षीनं यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव लिहिलं.

"पण वर गेल्यावर घाई करू नको," ते म्हणाले. "थप्पीवर पोतं टाकलं की लगेच उतरावं लागते. यंदा वर उभं राहून चौफेर पाहीन."