अण्णांची गाडी

राइट टाउनमधल्या त्या घरासमोर उभी असलेली बारा वर्षांची पांढरी गाडी शैलेंद्रने वाकून वाकून पाहिली. "दीड लाख," तो म्हणाला. "जुनी आहे, यापेक्षा जास्त नाही जमणार."

विकणाऱ्या अंबरीशने घासाघीस केली नाही. "कागदावर माझ्या मेहुण्याचं नाव आहे, पण वापरली आमच्या अण्णांनीच," एवढंच म्हणाला.

त्याचे वडील, अण्णा, बॉनेटवर फडकं फिरवत होते. ते थांबले. "विकून राहिला का रे? काहून? हिच्यातूनच तर तुझ्या आईला दवाखान्यात नेत होतो मी." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दार उघडलं, सीट झटकली आणि शैलेंद्रला म्हणाले, "सांभाळून चालवा जी."

शैलेंद्र ओशाळला. ज्या माणसाचा गाडीवर इतका जीव आहे, त्याने ती नीटच ठेवली असणार. त्याने मुकाट्याने दोन लाख दिले आणि निघताना अण्णांच्या पाया पडला.

गाडी कोपऱ्यावर वळली तसा अंबरीशने फोन लावला. "गोहलपुरातली ती लाल गाडी उद्या इथे आणून लाव." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अंबरीश हसला.

"रंगाचं टेन्शन नको घेऊ भैया. त्यांची स्वतःची तर मी केव्हाच विकली. आता दारात उभी असेल ती गाडी त्यांना आपलीच वाटते. दर वेळी तितकेच रडतात."